कोपऱ्यावर कोपरा

तर माझ्या मुलीनं कॉपी केली, असं तुमचं म्हणणं. बसा मास्तर, त्या चादरी सरकवा आणि बसा — उभ्या उभ्या आळ घेणाऱ्यावर माझा विश्वास नाही, तो अर्धं बोलून सटकतो. इस्त्री तापलीय, हात थांबवणार नाही मी, पण कान तुमच्याकडंच आहेत. भूमितीचा पेपर, एकच गणित, दोघींचं उत्तर सारखं आणि चूकही सारखीच — असंच ना? म्हणून मुख्याध्यापक दोघींना वार्षिक परीक्षेला बसू देणार नाहीत. बरं. मग त्या दुसऱ्या पोरीच्या, घारीच्या घरी गेलात का आधी? नाही ना गेलात. वाटलंच. तिचा बाप दवाखान्यात कंपाउंडर, तिथं घंटा वाजवून दारात ताटकळावं लागतं — इथं काय, इस्त्रीवालीचं दुकान, घुसा थेट आत. अहो, माझी मुलगी त्या घारीशी बोलतसुद्धा नाही. वर्गात शेजारी बसवलंत तुम्ही, आता कुणी कुणाच्या पेपरात डोकावलं ते मला काय विचारता?

आणि माझ्या मुलीला डोकावायची गरज काय? रोज संध्याकाळी ह्याच बाकावर बसते, मोठ्यानं वाचते. पक्ष, साध्य, सिद्धता — मला पाठ झालंय ते. मी चौथी शिकलेली, पण मला गंडवता येत नाही. ती म्हणते, समजा एक संख्या क्ष मानू. मी म्हणते, का मानू? ओळख ना पाळख, आधी मानायचं आणि मग शोधत फिरायचं? हसते, पण सांगते. ओळ लिहिली की मी विचारते — कारण? कारण सांगितल्याशिवाय पुढची ओळ नाही. ‘गणितात दिलंय म्हणून’ — चालेल. ‘वर सिद्ध केलंय म्हणून’ — चालेल. ‘सरांनी सांगितलंय म्हणून’ — मुळीच नाही, राग मानू नका. घारी तर पहिल्या दिवशी रडलीच होती, तुझ्या आईला कशाला हवंय एवढं कारण म्हणून —

काय बघताय? हो, येते. येते ती इथं. तिच्या आईला सांगाल तर याद राखा. गाण्याच्या क्लासला जाते म्हणून सांगते आणि इथं येऊन बसते बिचारी, घरात तिला कुणी काही विचारतच नाही. तिला शब्द दिला होता म्हणून खोटं बोलले मघाशी. तेवढंच खोटं. बाकी सगळं खरं.

वाचा बरं, त्या आणलेल्या पेपरात माझ्या मुलीनं काय लिहिलंय. चष्मा वर राहिलाय माझा, तुम्हीच वाचा — आणि जसंच्या तसं वाचा, पदरचं काही घालू नका. ‘आयताचा कर्ण कोपऱ्याचे दोन सारखे भाग करतो, म्हणून प्रत्येक भाग पंचेचाळीस अंशांचा. कारण — घडी घातली की कोपऱ्यावर कोपरा बसतो.’ आणि घारीचं? तेच? शब्दन्‌शब्द? अहो, मग चूक कुठाय! हे पुस्तकातलं नाहीच, हे माझं आहे. पोरी अडून बसल्या होत्या, मीच दाखवलं ह्या टेबलावर. रुमाल घेतला — हा बघा, असा — तिरपी घडी, कोपऱ्यावर कोपरा, काटकोनाचे दोन तुकडे, सुताचा फरक नाही. ह्याहून पक्कं कारण तुमच्या पुस्तकात तरी आहे का?

हा उशीचा अभ्रा कशाला पुढं करताय? आं? काहीतरी डाव आहे तुमचा. आयतच आहे की हाही — चार कोपरे, चारी काटकोन. मला काय, घालते घडी, ही तिरपी — आणि हा कोपरा आता ह्या कोप —

थांबा. कापड ओढलं गेलंय. धुऊन धुऊन तिरके होतात हे अभ्रे. चादर घेऊ, चादर नवी आहे. धरा ते टोक. धरा म्हटलं ना! ओढू नका, नुसतं धरा. आता कोपरा आणा इकडं.

हं.

रुमालाच्या चारी बाजू सारख्या असतात, नाही का.

कसला वास येतोय हा — अगं बाई, इस्त्री तशीच राहिली रुमालावर. गेला. जाऊ दे.

मास्तर, माझ्याकडं नका बघू असं. पोरींनी एकमेकींचं बघितलेलं नाही. दोघींनी माझं ऐकलं. मुख्याध्यापकांना हेच सांगा, कारण विचारलं तर इस्त्रीवालीकडं पाठवून द्या त्यांना. गुण कापा, चुकलंय तर कापायलाच पाहिजेत. पण चोर म्हणून परीक्षेच्या दारातून परत पाठवलंत ना, तर मी शाळेत येईन, ही चादर घेऊन येईन.

अभ्रा ठेवा तिथंच. आता येतील दोघी, मीच दाखवते त्यांना.

निघा तुम्ही. दारात उभे राहू नका, उजेड अडतो.