हिरव्या दिव्याची पेटी

लिहून घ्या ताई, माझं नाव मिलिंद. गाव लोहा तालुक्यातलं, बाप गवंड्याच्या हाताखाली, माय रोजानं खुरपायला. आयटीआय केलं रेडिओ-टीव्हीचं, पन मी पास होऊस्तोर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून घेनारं कोनी राहिलंच न्हाई बगा, लोक जुना फेकायचे अन् नवा आनायचे. मंग कॉम्प्युटरकडं वळलो. नांदेडात एकाच्या दुकानात सहा वर्सं धूळ झाडली, खरंच सांगतो, ब्रश घेऊन मशीनमधली धूळ झाडायची, तेच काम. मंग विष्णुपुरीकडं स्वतःचा गाळा घेतला अन् फटफटीवर लोहा, अहमदपूर, कुठं कुठं जायला लागलो.

अहमदपूरचे अप्पा माझे पहिले गिऱ्हाईक. लिंगायत मानूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, एसटी स्टँडजवळ फोटो स्टुडिओ. सगळ्या तालुक्याची लग्नं, बारशी त्येंच्या कॉम्प्युटरात. मला स्वतःच्या स्कूटरवर बसवून मोंढ्यातल्या, मंजे तिथल्या बाजारपेठेतल्या, धा दुकानांत फिरवलं त्येनी, अन् समोरचा आडनाव इचारायच्या आधीच मनायचे, आपलंच लेकरू हाय, इमानदार हाय. काय सांगू ताई तुम्हाला, आमच्याकडं आडनाव न इचारता आत घेतलेलं मी तवा पहिल्यांदा पाह्यलं. गौराकाकू, त्येंच्या मंडळी, आत बसवून जेऊ घालायच्या. असू द्या, ते निराळं.

तर धंदा बदलला. मोबाईलवर एका शहरातल्या सरांचं शिक्षन घेतलं, ते मनले दुरुस्ती इकू नको, सेवा इक, महिन्यावर. मंजे काय, तर दुकान बंद करताना गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरातलं दिवसभराचं सगळं इंटरनेटवरून लांब एका ठिकानी नकल व्हायचं, तिथं जागा भाड्यानं घेतलेली, अन् कॉम्प्युटर अडला तर मी इथं बसूनच नीट करनार. चांगलीच गोष्ट हाय, खोटी न्हाई त्यात काही. फटफटी थांबली, कंबर वाचली, महिन्याला बांधून पैसा. पन गिऱ्हाईक बेजार करायला लागले. पहिलं तू यायचास, मशीन खोलायचास, चहा प्यायचास, आता येत न्हाईस, काही बिघडत बी न्हाई, मंग पैसे कामून द्यायचे? आता बिघडत न्हाई त्याचेच पैसे हायेत, हे कसं सांगावं? लई सांगून पाह्यलं. सहा जन सुटले.

माझी बायको सुजाता मनली, लोकाला डोळ्यानं दिसल्याबिगर पटत न्हाई. खरं हाय तिचं. मी भंगारातून इंटरनेटचे जुने डबे आनले, आतलं सगळं काढलं, निस्ता एक हिरवा दिवा ठेवला, लाईट असली की लागनारा. दुकानादुकानात लावला अन् सांगितलं, ही पेटी चालू मंजे आपली सेवा चालू. झालं, एक बी गिऱ्हाईक सुटलं न्हाई त्यानंतर. अप्पा तर रोज सकाळी पूजा झाली की पेटीला बी तीन बोटं भस्म लावायचे. मला हसू यायचं तवा. आता येत न्हाई.

गौराकाकू वारल्या त्याच्या दुसऱ्या वर्सी अप्पांचा फोन आला. मिलिंदा, ह्या महिन्यापासून बंद कर बाबा, धंदा न्हाई, आता पोरं मोबाईलवरच फोटो काढून राहिलीत, अन् फोटोची पेटी तर माझ्याजवळ हायच. पेटी हायच, असं मनले. तवा मला बोलायचं व्हतं. अप्पा, पेटीत काही न्हाई, एवढंच. पन बोललो तर गोष्ट मोंढ्यात जानार, समदे पेट्या खोलून पाहनार, अन् अप्पानीच मला समद्यांकडं नेलेलं. मी मनलो, हाव अप्पा. पैसे बंद झाले की ती लांबची जागा महिन्याभरात आपोआप साफ व्हते. दोनदा सूचना आली, मुदत वाढवायचं बटन व्हतं तिथंच. लेकीच्या ॲडमिशनची धावपळ व्हती, करतो करतो मनून राहिलं. धावपळ व्हती हे खरं हाय. पन बटन दाबायला किती येळ लागतो?

पाच महिन्यानं अहमदपुरात लाईट वर-खाली झाली अन् अप्पांचं मशीन जळालं. ते एसटीनं आले, मांडीवर पेटी, टावेलात गुंडाळलेली. मनले, बाकी ऱ्हाऊ दे, तुझ्या काकूचे फोटो तेवढे ह्यातून काढ. लोकाला फोटो छापून देता देता घरी छापायचं राहूनच गेलं, भिंतीवर एक हाय तो आजारपनातला, तोंड वळखू येत न्हाई.

मी पेटी घेऊन आतल्या खोलीत गेलो. अर्धा तास बसलो. ताई, मी रडलो बिडलो न्हाई, खोटं कशाला सांगू, पेटीवरचं भस्म बोटाला लागलं ते पँटला पुसलं. बाहेर येऊन सांगितलं, अप्पा, पेटी बी जळाली. त्येंच्या मशीनचा जळका भाग नंतर मी फोटो निघतात का पाहायला पुन्याला धाडला, तिकडून आला तसाच परत. मी तसं सांगितलं तवा अप्पा मलाच मनले, जाऊ दे लेकरा, मानसं मातीत जातात, यंत्राचं काय घेऊन बसलास. अन् वर मोंढ्यात जाऊन सांगितलं, पोराचा काही दोष न्हाई.

आता पुढचं ऐका. पेटी जळते हे कळल्यावर मोंढ्यातल्यांचे फोन यायला लागले, आमच्याकडं दोन पेट्या लाव मनून. मी लावल्या. हाव, लावल्या. नकल खरीखुरी चालूच हाय त्येंची, मी रोज तपासतो, त्यात कसूर न्हाई. पेट्या निस्त्या लावल्या. धंदा वाढला, तुम्ही आता बसलात ते लातूरचं दुकान त्यातूनच झालं.

तुम्ही इचारलं, अप्पाला सांगितलं का. न्हाई. काय वाटतं मनाल तर काही वाटत न्हाई. पहिले दोन-तीन महिने जेवन जात नव्हतं, मंग जायला लागलं. लिहा तुम्ही, लिहायला माझी ना न्हाई.

ह्या दुकानाच्या उद्घाटनाला अप्पा आले व्हते. आमची बुद्धवंदना व्हईस्तोर हात जोडून मागं उभे राहिले. मंग मी पाया पडलो, त्येनी डोक्यावर हात ठेवला अन् समद्यांम्होरं मनले, इमानानं कमावलंस, सुखानं खाशील, तुझ्या काकूचा बी आशीर्वाद हाय. समोरच्या काचेत मला माझं डोकं दिसत व्हतं अन् त्यावर त्येंचा हात दिसत व्हता. पन तो लागला न्हाई. हाताचं वजनच लागलं न्हाई, ताई.