मांडीखाली दाबलेला हात

सुमनवहिनी, सकाळपासून पोटात काही गेलं का? चहा तरी घ्या. रमेश, तुझा ताप उतरला? मेघाबेटी, रायपूरवरून उन्हाची आली, पाणी भेटलं का तुले? आणि तुमी सारे, टाउनशिपच्या सेक्टरातले, बोरसी-उतई गावचे, बरे आहात ना? मले मात्र बरा आहे म्हणवत नाही. शेषराव गेले, माझा शेजार सुना झाला. तुमी बोलायले उभं केलं, तर सांगतो.

शेषराव स्टील प्लांटात क्रेन चालवत. लिव्हर धरला का हात शांत, सोडला का थरथर. त्यायनं कोणाले सांगितलं नाही. क्रेनवरून उतरवतीन, ही धास्ती. घरी बसले का उजवा हात मांडीखाली, चहा डाव्या हातानं. मी म्हणायचो, "कावून गा शेषराव, डावखुरा झाला का?" म्हणत, "तू आपला कप सांभाळ." रिटायर झाले, तरी हात मांडीखालीच.

मग ही मेघाबेटी भेटली. अशा थरथरणाऱ्या लोकायच्या मेंदूतली वीज ते आपल्या संशोधनासाठी मोजते. डोक्याले तारा लावते, कॉम्प्युटरवर रेषा उमटतात. मी रायपूरले संग गेलो होतो. ते म्हणाली, "काका, हात ढिला सोडा." यायनं सवयीनं मांडीखाली घातला, वरून दात आवळले. ताणानं साऱ्या रेषा गिचमिड झाल्या. पोरगी चिडली नाही. म्हणाली, "काका, लपवू नका. मले तुमची थरथरच पाहिजे."

मंडळी, इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं होतं का त्यायले? तुमी? मी?

त्यायनं हात काढला. मांडीवर ठेवला. थरथरू दिला. डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि हलायची मनाई, म्हणून पुसताही येईना.

परत येताना बसमध्ये एकच विचारत होते, "आपल्या रेषा कामात येतीन का गा?" तारा लावून अजून एकदा बसायचं बाकी होतं. त्याआधी निमोनियानं नेलं. आता वहिनी तेच विचारून राहिल्या. एकदाच बसले, तेवढं चालते का? मी अडाणी माणूस, काय सांगू?

चला, उभे राहा. थोडा वेळ चूप राहू.

...

शेषराव, रामराम.

मेघाबेटी, परत गेली का वहिनीले चिठ्ठी लिही. फोन नको करू, फोन वाजला का त्यायची छाती धडधडते. त्या रेषा फेकाव्या लागल्या असतीन, तर तसंच लिही. गोड करून नको. फक्त लवकर लिही.