भातुकलीचं लाकूड

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ माननीय अनंतराव, प्रमुख पाहुण्या आणि बालवाडीच्या मुख्याध्यापिका विजयलक्ष्मीबाई, सत्कारमूर्ती चंद्रमौळी मामा, त्यांच्या शेजारून मला डोळ्यांनीच ‘आटोपतं घे’ म्हणणाऱ्या कनका मामी, आणि जमलेल्या समस्त बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी तनया. गाव सांगली, नोकरी श्रीपेरुंबुदूरच्या मोटारीच्या कारखान्यात. अध्यक्ष म्हणाले, “मामा कायमचे कोइमतूरला मुलीकडे चालले आहेत. तू त्यांची शिष्या, गुरूविषयी चार शब्द बोल.” दोन महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर चाळीस बोलले असते. आज माझा नुसता गोंधळ उडाला आहे. मी त्यांची शिष्या आहे की आणखी कुणी, हेच मला समजेनासं झालंय.

आपण जाणताच की आवडी गावच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मामांनी घरामागच्या शेडमध्ये लेथ बसवला आणि बालवाडीच्या मुलांसाठी लाकडी भातुकली कातायला घेतली. इथे तिला चोप्पु म्हणतात. इवलीशी चूल, इवलासा रांजण. आता लाकूड आणायचं कुठून? विकत घेणं मामांना मंजूर नाही. मग महापालिकेने छाटलेल्या कडुलिंबाच्या फांद्या, कुणाच्या मोडक्या पलंगाचे पाय, आणि गेली तीन वर्षं आमच्या कंपनीत मोडीत निघालेली खोकी. त्या फळ्या मी रीतसर परवानगी घेऊन, कंपनीच्या बसमधून, झोपलेल्या लोकांचे गुडघे चुकवत आणत असे. सगळ्यांचेच चुकले असं मात्र नाही.

लाकूड आलं की मामा पटाशीने एक ढलपी काढायचे, माझ्या नाकाशी धरायचे आणि पिढ्यानपिढ्या इथे राहिलेल्या घरांच्या मराठीत विचारायचे, “कसला वास येतो, सांग मा.” फुकटच्या लाकडाला वाळवीचं औषध मारलेलं असू शकतं, आणि भातुकली शेवटी लेकरांच्या तोंडात जाते. लाकडाची जात त्यांना नुसत्या नजरेने कळते, पण औषध दिसत नाही. मी सांगायची, “औषध नाही, मामा.” ते म्हणायचे, “सरी,” म्हणजे ठीक. बरोबर की चूक, एकदाही सांगितलं नाही. मला वाटे, ही परीक्षा आहे. आणि परीक्षेत उत्तर कोरं सोडू नये, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं ना? कधी सर्दी असायची, कधी रात्रपाळीने डोकं जड. तेव्हा मी सरळ ठोकून दिलं आहे. विजयलक्ष्मीबाई, आपण कृपया दचकू नका, शेवटपर्यंत ऐकून घ्या.

गेल्या महिन्यात लेथच्या मोटारीची कॉइल जळायला लागली. मला ठसका लागला, मामी तव्यावरचा डोसा टाकून धावत आल्या. मामा मात्र रांजणाचा गळा कातत उभे. मी म्हटलं, “मामा, जळतंय.” म्हणाले, “काय जळतं गे?” मामींनी बटण बंद केलं आणि मग त्याच बोलल्या, “त्यांस वास येत नाही. त्या तापानंतर चार वरुषं झालीं. साराचा नाही, कापराचा नाही. कोणास सांगूं नको म्हणाले.”

म्हणजे परीक्षा नव्हतीच. तीन वर्षं हा माणूस मला खरोखर विचारत होता, आणि मी गुण मिळवायला बसले होते. मी मामांवरच चिडले. “अहो, मी कितीदा अंदाजाने सांगितलंय. पोरांच्या तोंडात काय गेलं असेल?”

मामा मला शेडच्या मागे घेऊन गेले आणि ताडपत्री उचलली. खाली साठ-सत्तर तुकडे रचून ठेवलेले. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख आणि माझं उत्तर. ‘औषध नाही.’ ‘औषध नाही.’ मी ठोकून दिलेलं एकूण एक लाकूड तिथे होतं. त्यातलं काहीही लेथवर चढलं नव्हतं.

“तुम्हाला कळलं कसं?”

“ठाऊक असलं की तू हळू बोलतीस. नसलं की तुझा आवाज चढतो. चढला की मी तें वेगळें ठेवलों.”

“मग मला आधी सांगायचं नाही?”

“सांगितलों असतों तर तू सगळेंच हळू बोलली असतीस. मग मला काय कळणार?”

मंडळी, मला राग यायला हवा की रडू, हे तेव्हा ठरलं नाही, आजही ठरलेलं नाही. दोन्ही येतं. आज हे सांगू का, असं मामांना विचारलं. म्हणाले, “सांग. बाईंस कळलें पाहिजे.” म्हणून सांगितलं.

लेथ त्यांनी मला दिला आहे. भातुकली बंद पडणार नाही, बाई. वास मी घेईन. पण मी कधी खोटं बोलते ते ओळखणारं माणूस उद्याच्या गाडीने जातंय, आणि मला त्याची खरोखर भीती वाटते.

मंडळाने बोलण्याची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, मी सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घालावं. आणि मामा, जिथे माझा आवाज चढला असेल, तेवढं वेगळं काढून ठेवा.