शेठची निळी बादली

मंडळी, आधी सांगा, नळाचं पाणी कुणाचं? "आमचं!" वा! आणि मोरीतून गटारात जातं, ते? बघा, टाळकरीसुद्धा टाळ चाचपायला लागले! पाणी तेच हो, मग मालक कुठं पळाला? ऐका तर.

तांबडवाडीची नळयोजना ग्रामपंचायतीची. म्हणजे सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही! मोटार जळाली की सरपंच म्हणायचे, बघू. बघता बघता उन्हाळे गेले. शेवटी पाणी आणि गटार, दोन्ही गावातल्या बळवंतशेठला ठेक्यानं चालवायला दिली. शेठनं पाणी आणलं, खोटं कशाला बोला! घरटी एक निळी बादली भेट दिली, वर स्वतःचं नाव – हे एवढं ठळक! गटाराकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही. उलट घाण आपल्या अंगणात नको म्हणून वाटेत भिंत घातली. पाणी थांबतंय होय? तुंबलं ते भागीरथीकाकूंच्या दारात.

आणि काकूंच्या कुमुदचं लग्न दोन दिवसांवर! मांडव दारात, गटार मांडवात. एक स्थळ आधीच मोडलेलं. आता हे वऱ्हाड वासानंच माघारी फिरलं तर? काकू तडक उठल्या. शेठकडे गेल्या. शेठ म्हणाले, "नळापर्यंत पाणी माझं. पुढचं तुमचं." सरपंचांकडे गेल्या, तर ते म्हणाले, आम्ही सगळं शेठला दिलंय.

काकू घरी येऊन रडल्या. मग पदर खोचला आणि आळीतल्या बायका गोळा केल्या. मंडळी, शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करतो का? चिमूटभर साखर तरी घालतोच ना? मग शेठची बादली रिकामी कशी द्यायची? निघाल्या बायका! हातात निळ्या बादल्या, गटारातून काठोकाठ भरलेल्या, वर हळदीकुंकवाचं बोट. सगळ्या शेठच्या ओसरीवर नीट मांडल्या. आधी शेठचा कुत्रा पळाला!

शेठनं नाक धरून विचारलं, हे काय? काकू म्हणाल्या, "तुमची भांडी परत आणलीत. रिकामी देणं बरं दिसत नाही."

गंमत बघायला आलेले सरपंच बाजूला हसत होते. काकू वळल्या. "तुम्ही दिलंत, त्यांनी घेतलं. निस्तरायचं माझ्या लेकीनं? दोन बादल्या तुमच्यासाठी राखून ठेवल्यात."

त्याच दुपारी भिंत फुटली. शेठच्या हातात कुदळ, सरपंचांच्या डोक्यावर घमेलं! कुमुदचं लग्न कोरड्या मांडवात लागलं, आणि पंगतीत जिलेबी वाढायला शेठ स्वतः.

हसलात? हसा. पण मघाशी देवळाबाहेरचं तुंबलेलं गटार कुणी धोतर धरून, कुणी नऊवारी उचलून, अगदी सफाईनं ओलांडलंत. ते पंचायतीचं की ठेकेदाराचं, यावर भांडा खुशाल. पाणी आपल्याच मोऱ्यांतलं आहे. फावडी दाराशी ठेवलीत. आरती त्यानंतर. आणि प्रसादाचा डबा माझ्या मांडीखाली आहे.