साबणाचा वास

दोष मामाचा होता. आधी तेवढं ऐकून घ्या साहेब, मग कपाला साबणाचा वास येतो म्हणून माझ्यावर ओरडा — ओरडा, हक्कच आहे तुमचा, वास येतोच आहे, मला इथे उभ्या उभ्या येतोय. आणा तो इकडे. दुसरा देतो, गरम पाण्याने तीनदा विसळून. आमच्या मालकीणबाईंचा हुकूम आहे, प्रत्येक कप फेसाने धुवायचा. फेस दिसला की गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणे. दिवसाला दोन-तीनशे माणसं लिफ्टसमोरच्या या काउंटरवरून चहा-कॉफी नेतात, आजवर एकाच्याही नाकाला हे कळलं नाही. तुम्ही पहिले. आणि मला वाटलं होतं, आता कुणी म्हणून ओळखणार नाही. बसा त्या उंच स्टुलावर. यंत्र थंड पडलंय, हिरवा दिवा लागेपर्यंत वाफ येत नाही, आणि बिनवाफेची कॉफी देण्यापेक्षा मी तुम्हाला नुसतं गरम पाणी देईन.

मामा कोण? मामा म्हणजे नाक. अख्ख्या धंद्यात त्याला त्याच नावाने ओळखायचे — ‘नाक आलं का? नाकाने पास केला का?’ चहाच्या कंपनीत चव घेणारा. हसू नका, खरंच असतं तसं काम, पोट चालतं त्यावर. लांबलचक पांढरं टेबल, एका बाजूला मोठी खिडकी, टेबलावर चाळीस वाट्या एका रांगेत. प्रत्येकीत वेगळ्या पोत्यातली चिमूटभर पत्ती, काट्यावर तोललेली, वर उकळतं पाणी, झाकण, मोजून सहा मिनिटं. मग मामा एका टोकापासून चालत यायचा — चमचा बुडव, सुर्रर्र करून ओढ, तोंडात घोळव, थुंक, पुढे. सुर्रर्र एवढ्या जोरात की नवीन माणूस दचकायचा. घरी मी वरण तसं ओरपलं तर मात्र पाठीत धपाटा. आणि मग एकच शब्द — ‘जळका’, ‘मिळमिळीत’, ‘शिळा’, नाहीतर ‘स्वच्छ’. त्या एका शब्दावर गाडीभर माल परत जायचा. त्या खोलीत साबणाला बंदी होती. वाट्या धुवायच्या त्या उकळत्या पाण्यानेच, आणि त्या धुवायचो मी.

मी शिक्षण सोडलं होतं ना. तीन सत्रं केली कॉलेजची आणि एक दिवस गेलोच नाही. का, ते विचारू नका, सगळ्या मोठ्या माणसांना तेवढंच विचारायचं असतं. मामा म्हणाला, घरात लोळायचं नाही, उद्यापासून माझ्याबरोबर चल. त्याच्या घरी मी अकराव्या वर्षापासून. आई गेली आणि हा माणूस मला एका पिशवीसकट उचलून घेऊन आला — ते खरं, ते नाकारत नाही. पण उपकार करावेत आणि गप्प बसावं, हे कुठल्याच वडीलधाऱ्याला जमत नाही. रोज दोन घास कमी वाढले असते तरी चाललं असतं, पण घासागणिक ऐकवणं! घरात अत्तर नाही, उदबत्ती नाही, लसूण नाही. नाकाने कांदे सोलणारा माणूस, पण घरात कांदा चिरायची सोय नाही. आणि कॉफी? कॉफीचं तर नावच नको. कॉफी म्हणजे वासाने अख्खं घर ताब्यात घेणारी बया, दोन दिवस पडद्यांतून हलत नाही, असं म्हणायचा.

आणि मामी कॉफी पिणारी. गंमत बघा. माहेरी तिन्ही त्रिकाळ कॉफी — दाट, काळपट, दूध रंगापुरतं, साखर नाहीच. लग्नानंतर आठवड्याभरात मामाने सांगितलं, आपलं पोट या नाकावर आहे. तिने माहेरून आणलेला डबा शेजारणीला देऊन टाकला. झालं. सव्वीस वर्षं. तक्रार नाही, रुसवा नाही, चहा प्यायली — औषध प्यावं तसा, एका दमात. मला हे कसं माहीत? माझ्याशी बोलायची ती. मला चहा ती द्यायची कानतुटक्या मगात, साय काढून, साखर अर्धा चमचा आणि तीही ओतल्यानंतर, आधी घातली तर मला गोडच लागायचा. कधी सांगावं लागलं नाही. पहिल्या महिन्यात एकदा मी कप अर्धा सोडला, तिने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो तसाच यायला लागला.

तर मी काय करायचो — दर गुरुवारी मामा मालकाबरोबर संध्याकाळपर्यंत बसायचा, मला दुपारी सुट्टी. मी थर्मास घेऊन इथे यायचो. हो, याच काउंटरवर, तेव्हा दुसरा माणूस होता. मामीची कॉफी भरून घ्यायची, धावत घरी. ती मागच्या गॅलरीत बसायची, खिडक्या सताड उघड्या, घोट घोट करत अर्धा तास. मग कप विसळ, तोंड धू, गॅलरी पूस, बडीशेप खा. चोरी पकडली जाऊ नये म्हणून चोर एवढं करत नसतील. मी म्हणायचो, मामी, तू दरोडा घालतेस की कॉफी पितेस? ती म्हणायची, गप रे मेल्या, हसवू नकोस, सांडेल.

मग मामाला ताप आला. दहा दिवस अंथरुणात, मग उठून कामावर. आणि एकाएकी मला मान मिळायला लागला. रांगेत चालता चालता चमचा माझ्या हातात द्यायचा — ‘घे. काय वाटतं तुला?’ मी सांगायचो. तो मान हलवायचा, आणि तेच मोठ्याने म्हणायचा. मला वाटलं, शिकवतोय. साहेब, मी इतका खूश होतो ना त्या दिवसांत, की रात्री आरशासमोर उभा राहून सुर्रर्र करायचो.

एका गुरुवारी तो लवकर घरी आला. मामी गॅलरीत सुद्धा नव्हती, स्वयंपाकघरातच बसली होती, कप समोर, वाफ निघतेय. अख्ख्या घरात कॉफी. मी भिंतीला टेकलो — मेलो म्हटलं. मामा आत आला, खुर्ची ओढली, त्या कपाच्या वीतभर अंतरावर बसला, आणि म्हणाला, ‘आज काही चहाबिहा मिळेल का?’

बस्. एवढंच.

मामी उठली. कप उचलला, मोरीत ओतला, आणि त्याचा चहा ठेवला. तो आत कपडे बदलायला गेला तेव्हा मला म्हणाली, यापुढे आणू नकोस. मी म्हटलं, अगं, आता तर त्याला येतच नाही वास, आता तर घरात बसून पी! तर तिने माझ्याकडे असं बघितलं... मी घाणेरडं काही बोललो असेन तसं. म्हणाली, ‘त्यांच्या समोर बसून पिऊ? त्यांचं नाक गेलंय, ते त्यांनाच दाखवू मी?’ मला तेव्हा कळलं नाही. खोटं का बोलू, मला तेव्हा रागच आला. सव्वीस वर्षं जिच्या तोंडचा घोट काढला, ती त्याचंच झाकतेय. आणि मला हेही कळलं की मला तो शिकवत नव्हता, वापरत होता. त्याचं नाक मीच होतो. पगार त्याला, मान त्याला, शब्द त्याचा.

तरी मी केलं. बोललो नाही कुणाला. उलट जास्तच केलं. लोकांसमोर ‘काय वाटतं तुला’ किती वेळा विचारणार? तेव्हा आपोआप एक पद्धत पडली. मी त्याच्या आधी रांगेतून जायचो, झाकणं काढत, वास घेत, आणि प्रत्येक वाटीशी चमचा ठेवत. माल चांगला तर चमचा वाटीच्या उजवीकडे. खोट असली तर डावीकडे. कधी ठरवलं नाही आम्ही हे. एक अक्षर बोललो नाही. त्याने चमच्याकडे बघायचं, सुर्रर्र करायचं, आणि म्हणायचं. तीन महिने. कुणाच्या बापाला कळलं नाही.

त्या दिवशी मोठे खरेदीदार आले होते. पाच जण, कडक इस्त्रीचे. मालक पुढेपुढे करतोय, मामा कोटात. त्यातल्या एकाने माझ्याकडे बोट करून विचारलं, हा कोण, तुमचा चेला का? आणि मामा हसला, म्हणाला, ‘चेला कसला! कॉलेजने ओवाळून टाकलेलं रत्न आहे. माझ्याकडे वाट्या धुतो.’ सगळे हसले. त्या वेळी माझ्या हातात त्याचेच चमचे होते, साहेब. चाळीसच्या चाळीस.

सतराव्या वाटीला साबणाचा वास होता. पोती साबणाच्या खोक्यांबरोबर एकाच गाडीतून आली असणार, चहा सगळं ओढून घेतो. झाकण काढल्या काढल्या कळलं. आणि चमचा माझ्याकडून उजवीकडे ठेवला गेला. घाई होती हो. मागून तो आलाच होता, मालक बडबडत होता, डोक्यात त्यांचं हसणं होतं, हात चुकतो माणसाचा —

नाही. हात चुकला नाही. काय बघताय? तुम्हाला तर आधीच कळलं होतं ना. मी डावीकडे ठेवला होता. ठेवला, दोन पावलं पुढे गेलो, परत आलो आणि उचलून उजवीकडे ठेवला. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मामाने सुर्रर्र केलं, थुंकला, आणि एवढ्या थाटात म्हणाला — ‘स्वच्छ.’ मागून खरेदीदाराने चमचा लावला. त्याचं तोंड वाकडं झालं. साबण, म्हणाला. दुसऱ्याने घेतला, साबण. मालकाने घेतला. दारातल्या शिपायाला सुद्धा तिथून वास आला. मामाने परत चमचा बुडवला. तोंडात धरून ठेवला, बराच वेळ. त्याला काही लागणारच नव्हतं. मग त्याने चमचा ठेवला — डावीकडे. आणि माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, आता माझं नाव घेईल. घ्यायलाच हवं होतं. मी तयार होतो, मी सगळं तोंडावर फेकणार होतो, सव्वीस वर्षं, कॉफी, सगळं. तर तो मालकाला म्हणाला, ‘साबणच असणार. माझं नाक गेलंय, चार महिने झाले. पोराला यातलं काही माहीत नाही. त्याला काही बोलू नका.’ कोट काढून हातावर घेतला आणि चालत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझी बाजू घेतली, आणि ती सुद्धा कधी!

संध्याकाळी मालकाने मामाचा चमचा माझ्या हातात दिला. चांदीचा होता. उद्यापासून तू, म्हणाला, मामा तुला चव विचारायचा ते मी बघितलंय. नाही म्हणालो असेन असं वाटतं ना तुम्हाला? घेतला मी. अकरा दिवस केलं ते काम. घरी जायला तोंड नव्हतं, कंपनीच्या माळ्यावर झोपायचो, सकाळी चव घ्यायचो. आणि चांगलं जमत होतं — तेच तर. माझी जीभ गेली असती, तोंडात साबण साबण लागलं असतं, तर बरं वाटलं असतं, काहीतरी फिटलं असतं. काही झालं नाही. सगळं लख्ख कळत होतं. बाराव्या दिवशी चमचा मालकाच्या टेबलावर ठेवला आणि घरी गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो.

जिन्यातच वास आला. कॉफीचा. दार उघडंच होतं. मामा ओट्याशी उभा, बनियनवर, पातेलं आचेवर, आणि मामी मागे खुर्चीत बसून सांगतेय — ‘आता हलवा... अजून नाही हो... आता उतरवा, उतरवा, करपेल!’ त्याला वास येत नव्हता ना, म्हणून ती त्याचं नाक झाली होती. आणि तो गाळत होता तिच्यासाठी. दूध रंगापुरतं. दोघं हसत होती काहीतरी. मी दारात दिसलो आणि हसणं थांबलं.

मी म्हटलं, मामा, त्या दिवशी तो चमचा... तर तो म्हणाला, ‘बस. चहा घेऊन जा.’ रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर मी भांडलो असतो, भांडायला मला काय लागतं. मामी उठली. वरच्या फळीवरचा कप काढला, बशीवाला, पाहुण्यांचा. कानतुटका मग तिथेच खिळ्याला लटकत होता, मला दिसत होता, तिलाही दिसत होता. पाणी ठेवलं. मग माझ्याकडे वळली, माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघत, आणि साखर किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक. प्यायलो सगळा, सायीसकट. बशीत एक थेंब ठेवला नाही.

हिरवा दिवा लागला बघा. ही घ्या तुमची कॉफी. वास घेऊन बघा आधी — नाही ना येत? साखर तिकडे आहे, खांबाजवळ, तुमच्या हाताने घाला. मी कुणालाच विचारत नाही. चला, उठा आता, मागे माणसं खोळंबलीत.

बारा वर्षांत त्या घरात मला कुणी साखर विचारली नव्हती.