वरची कडी

आदरणीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. व्यासपीठावर बसलेल्या मेट्रनबाई. बांधकाम विभागाचे साहेब. माझ्याविषयी बरंचसं खोटं पण गोड बोललेले सर्व वक्ते. आणि समोर बसलेल्या माझ्या लॉन्ड्रीतल्या बायांनो, ड्रायरवरच्या बाप्यांनो, वॉर्डातून पळत आलेल्या आणि पळत परत जाणाऱ्या सिस्टर्सनो,

सगळ्यांत आधी माफी मागते. कार्यक्रम चारचा, आणि जिला निरोप द्यायचा ती बाई साडेचारला उगवली. मी दारात पोचले तेव्हा एक वक्ते माझ्या वक्तशीरपणावर बोलत होते. बिचाऱ्यांनी मला पाहिलं आणि विषय बदलला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, तेही मला दिसलं. केस अजून ओले आहेत, या पुष्पगुच्छावर पाणी गळतंय. उशीर का झाला ते शेवटी सांगते. आत्ता सांगितलं तर पुढचं कोणी ऐकणार नाही.

एकतीस वर्षं मी चादरींच्या घड्या घातल्या. किती, ते विचारू नका, मी मोजल्या नाहीत. आता खरं सांगायचं तर मी दमलेय. हात दमले, कंबर दमली, ते चालायचंच. पण एका विषयानं मी जास्त दमले. तो विषय इथं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सत्काराच्या दिवशी काढू नये असा मला सकाळपासून चार जणांनी सल्ला दिलाय. चौघांचे आभार.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चादरीची घडी एकट्यानं होत नाही. दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकं हातात द्यायची, परत मागे जायचं. दिवसभर हेच. आणि दोघींची उंची सारखी हवी, नाहीतर चादर एका बाजूनं जमिनीला लागते आणि पुन्हा धुवायला जाते. मी ही अशी उंच. मला सगळ्या शिडी म्हणतात, तोंडावरसुद्धा. माझी पहिली जोडीदारीण निवृत्त झाली तेव्हा मला जोडी मिळेना. तीन महिने मी एका ठेंगण्या पोरीबरोबर वाकून वाकून घड्या घातल्या.

मग ती आली. सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या इमारतीतून बदली होऊन. माझ्याएवढीच उंच. दुसऱ्याच दिवशी इस्त्रीवाल्या पोरींनी तिचं नाव ठेवलं, धाकटी शिडी.

ती आत्ता मागच्या रांगेत दाराजवळ बसलीय. वळून बघू नका, लाजेल. तिच्याबद्दल बोलू का, म्हणून मी आज दुपारीच विचारलं. म्हणाली, "ताई, सहा वर्षं सगळे बोलतातच. तुम्ही निदान माझ्यासमोर बोला."

तर समोर बोलते. तिचा जन्म मुलगा म्हणून झाला होता. आमच्याकडे आली ती बाई म्हणून. कागदपत्रंही तशीच होती. पुढे समितीच्या कागदांत तिला 'पारलिंगी कर्मचारी' असं लिहिलं गेलं, आणि तो शब्द उच्चारताना निम्म्या समितीची जीभ अडखळायची. पण टेबलावर काही अडखळलं नाही. आमच्यासारखी जोडी त्या लॉन्ड्रीत झाली नाही. मी "तुझ्याकडे घे" म्हणायच्या आत ती घ्यायची.

आता आमच्याकडे नियम असा, की वॉर्डातले कपडे हाताळलेल्या कोणीही अंघोळ करून, कपडे बदलल्याशिवाय घरी जायचं नाही. बायांची न्हाणी वेगळी. तीत सहा नळ, मध्ये कमरेएवढ्या भिंती आणि बाहेर एक दार. पहिल्या दिवशी तीन वाजता ती टॉवेल घेऊन आमच्यामागे आली. मी दारात आडवी उभी राहिले. हो, मीच. दुसऱ्या कोणी नाही.

"तू इथं नाही," म्हटलं.

"मग कुठं, ताई?" तिनं विचारलं.

दार मी सोडलं नाही. आठवड्याच्या आत मी अर्ज लिहिला. तेवीस सह्या जमवल्या, पहिली माझी.

मला दुष्ट समजू नका, आणि समजलात तरी आज माझी शेवटचीच तारीख आहे. माझी बाजू ऐका. लग्न होऊन मी ज्या घरात गेले तिथं एकच खोली होती आणि तीत सासरा, दोन दीर, येणारेजाणारे. अंगावर पाणी घ्यायचं ते अंधारात, घाईघाईनं, लुगडं आडवं बांधून. आणि तरीही कोणाची नजर कुठं आहे ते पाठीला कळायचं. पुढचं सांगत नाही. या न्हाणीघराला आतून कडी होती. माझ्या आयुष्यातली आतून कडी लावता येणारी ती पहिली जागा. तिथं आम्ही मोकळ्या हसलो, रडलो, एकमेकींची पोटं, टाके, वळ पाहिले. ती कडीसुद्धा खाली होती, कोणीही धक्का दिला की निघायची. मी भांडून भांडून ती वर, माझ्या हाताच्या उंचीवर लावून घेतली होती. बुटक्या बाया मला हाक मारायच्या, "शिडी, कडी लाव गं." तो माझा मान होता.

म्हणून सांगते, ज्या बायांना भीती वाटते त्यांना हसू नका. ती भीती कोणी शिकवलेली नसते. पण हेही तितकंच खरं, की मला ज्यांनी भीती घातली त्यांत ती नव्हती. हे कळायला मला फार वेळ लागला.

माझ्या अर्जावर समिती बसली. पुन्हा बसली. अकरा वेळा बसली. बाहेरून मंडळी आली. काही तिच्या बाजूनं, काही आमच्या बाजूनं. दोन्हीकडची शिकलेली, दोन्हीकडची घसा ताणून बोलणारी. एक म्हणायचे आम्ही मागासलेल्या, दुसरे म्हणायचे आम्ही रणरागिणी. आम्हाला आपलं तीन वाजता अंघोळ करून साडेतीनची बस पकडायची होती. इस्त्रीवरच्या पोरी तिच्या बाजूनं, जुन्या बाया माझ्या बाजूनं. डबा खायची बाकंसुद्धा वेगळी झाली. त्या अकरा सभांत एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं. सहा नळांना सहा दारं लावा. प्रत्येकीला आपली कडी. बांधकामाचे साहेब, तुम्ही मान खाली घालू नका, तुमच्या आधीच्या दोन साहेबांनीही "पुढच्या वर्षी बघू" असंच लिहिलंय. भिजत घोंगडं. आम्ही लॉन्ड्रीवाल्या, आम्हाला ठाऊक आहे भिजत घोंगडं फार दिवस ठेवलं की कसं वास मारतं.

शेवटी तोडगा निघाला. तोही मीच सुचवला, त्याचं श्रेय दुसऱ्याला देऊ नका. शेवटची बाई बाहेर पडल्यावर दहा मिनिटांनी तिनं आत जायचं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिनंही मान हलवली. त्या दिवसापासून ती न्हाणीघराबाहेरच्या बाकावर बसू लागली. साडेतीनची बस तिला कधीच मिळाली नाही. मी खिडकीशी बसायचे. बस वळताना ती बाकावर दिसायची, टॉवेल मांडीवर घेऊन. दिवसभर जिच्या हातात हात दिले तीच. मी मान दुसरीकडे वळवायचे.

दोन वर्षांपूर्वी मी पडले. ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही फळं घेऊन आला होतात. कसं ते माहीत नाही.

त्या दिवशी मी आत मागे राहिले होते. बाकीच्या बस पकडायला गेल्या. मी सवयीनं वरची कडी लावली आणि साबणावरून घसरले. घोट्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. उठता येईना. अंगावर सूत नाही, नळ चालू, आणि कडी वर, जिथं मीच ती लावून घेतली होती. मी ओरडले असणार. बाहेरून आवाज आला, "ताई? ताई, काय झालं? मी येऊ का?"

आणि मी काय म्हणाले असेन? सांगते. मी म्हणाले, "नको."

मोडक्या पायानं फरशीवर पडलेली मी म्हणाले, "नको, बाईमाणूस कोणी आण."

तिनं एका शब्दानं वाद घातला नाही. तीन मजले चढून दोन सिस्टर्स घेऊन आली. त्यातल्या एक समोर बसल्यात, त्यांना विचारा. पण दार उघडेना. दारावर हवेसाठी झडप आहे, त्यातून हात घातला तर कडी हाताला लागते, पण सिस्टरांचा हात पुरेना. सुताराला बोलवायचं म्हणजे पुरुष, त्याला मी ओरडून नाही म्हटलं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "यांचा हात पुरेल."

मला आतून ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "ताई, मी तोंड भिंतीकडे करते. फक्त हात आत येईल. चालेल?"

मी हो म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. बाक ओढल्याचा आवाज आला. झडपेतून हात आत आला. तो हात मी ओळखत होते हो. प्रेसची वाफ लागून अंगठ्याला पडलेला डाग, सगळं. तो हात आंधळ्यासारखा भिंत चाचपत होता. आणि मग मीच बोलू लागले. "डावीकडे. अजून. आता खाली घे. थोडं तुझ्याकडे घे." चादर ताणताना आम्ही जे बोलायचो तेच. कडी सरकली. सिस्टर्स आत आल्या. ती आली नाही. तिनं बाहेरून एक धुतलेली चादर आत दिली, माझ्या अंगावर टाकायला. तिची घडी वेडीवाकडी होती. एकटीनं घातली होती ना.

आता तुम्हाला वाटेल, त्यानंतर शिडी बदलली, अर्ज फाडला, गळाभेट झाली. तसं काही झालं नाही. तीन महिने घरी होते. परत आले, तर ती टेबलापाशी उभी. म्हणाली, "टोक धरा, ताई." मी धरलं. मला लाज वाटत होती, पण आज करू, उद्या करू, सह्या केलेल्या बायांना काय तोंड दाखवू, असं करत दोन वर्षं गेली. ती तशीच बाकावर बसत राहिली आणि मी बसमध्ये. मी मूग गिळून बसले. एकतीस वर्षांत मी पुष्कळ डाग काढले, हा माझ्याच्यानं निघाला नाही.

आज सकाळी मी कार्यालयात जाऊन माझी सही मागे घेतली. पहिली सही गेली. बाकी बावीस सह्यांचं काय करायचं ते त्या-त्या बाईनं ठरवावं. मी कोणाला शिकवणार नाही. शिकवणाऱ्यांनी मला पुरेसं दमवलंय. ज्यांचं मन होत नाही त्यांचा मला राग नाही. कोणाचं सगळं बरोबर हे मला अजूनही सांगता येत नाही. पण सहा दारं मात्र लावा, साहेब. पुढच्या वर्षी मी बघायला येणार आहे.

आणि आता उशिराचं कारण. आज तीनला काम संपलं. सगळ्या अंघोळी उरकून तुमच्यासाठी नटायला गेल्या. मी आत गेलेच नाही, बाकावर जाऊन तिच्याशेजारी बसले.

म्हणाली, "ताई, तुम्ही जा ना. चारला सत्कार आहे."

म्हटलं, "तू आधी जा."

"शेवटची बाई बाहेर पडल्याशिवाय मला जाता येत नाही."

"तो नियम माझाच आहे. जा तू. मी बसते इथं."

ती गेली. आतून वरची कडी लागल्याचा आवाज आला. मी त्या बाकावर पहिल्यांदाच बसले होते. त्याची मधली फळी बसेल तिला चिमटते. ड्रायरची गरम हवा थेट तोंडावर येते. आणि बसचा थांबा तिथून अगदी समोर दिसतो, हे मला माहीत नव्हतं. बसमधली माणसं कुठं बघतायत तेही दिसतं.

पाच मिनिटं झाली नसतील, नळ बंद झाला. सहा वर्षं घाईनं अंघोळ करायची सवय. मी दारावर थाप मारली आणि म्हटलं, "अगं, सावकाश. मी आहे बाहेर."

मग नळ पुन्हा सुरू झाला. आणि चांगला अर्धा तास चालला. मग मी आत गेले. म्हणून मला उशीर झाला, आणि म्हणून माझे केस ओले.

अध्यक्ष साहेब, तुम्ही खोळंबलात, आभारी आहे. या भेट दिलेल्या घड्याळाबद्दल, फुलांबद्दल, गोड खोट्याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. भाषणात काही कमीजास्त बोलले असेन तर या सभागृहानं पोटात घालावं. आणि भाषणाबाहेर जे सहा वर्षं चुकले, त्याची क्षमा सभागृहाकडे मागून उपयोग नाही. ती मी मागच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या बाईकडे मागते. तिनं आत्ता उत्तर देऊ नये. सावकाश दिलं तरी चालेल.

नमस्कार.