खिडकीतली वाढलेली पत्रावळ

...आणि वर म्हणे, आपल्या हातानं घ्या! अहो, बहात्तराव्या वर्षी माणसाच्या एका हातात काठी, दुसऱ्यात ताट, मग घ्यायचं कुठल्या हातानं? तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, पण याचं उत्तर मला सापडेना. नाही, म्हणजे मी चुकत असेन...

धरणाच्या तळ्याकाठी हैबतरावांचं हॉटेल आहे. सून म्हणाली, "हवापालट करा." केला! शुक्रवारी मोगलाई, शनिवारी गोव्याचं आणि रविवारी काय, तर 'बुडालेल्या गावची पंगत'! धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावात जे शिजायचं, ते सगळं टेबलावर ओळीनं मांडलेलं: नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, तळलेला मासा. पंगत म्हणायचं आणि जेवायचं उभ्यानं! हैबतराव ओरडतायत, "लाजू नका! दिसंल तितनं उचला, आपल्या हातानं घ्या!"

तर मला दिसली ती तळ्याकडच्या खिडकीत. कट्ट्यावर वाढलेली पत्रावळ, पुढ्यात रिकामं बाक. वाटलं, गुडघेदुखीवाल्यांची सोय असेल. बसलो, भाकरी-पिठलं संपवलं. मासा? छे हो! मी जन्माचा शाकाहारी. चमच्यानं कडेला सरकवला आणि चष्मा पुसायला मान खाली घातली. एवढंच. बाहेर पाणी अगदी स्वस्थ होतं... नको इतकं स्वस्थ. नाही, म्हणजे मी चुकत असेन...

"अगं आई!" मागे स्वयंपाकीणबाई उभ्या, तुळजाबाई. चेहरा पांढराफटक.

"ते मामंजींचं पान व्हतं, मास्तर! पानी दारात आलं तरी म्हातारं उठलं न्हाई. घावलंच न्हाई. सदतीस वर्सं पान वाढतीया. एकदा तरी जेवावं त्यांनी, येवढंच मागनं. पन सकाळी बघावं तर शीत बी हाललेलं नसतंय!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो! एका बाईची सदतीस वर्षांची आस, आणि ती मी पिठल्याबरोबर गिळली! क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. बिचारीला वाटू दे, सासरे जेवले. पण खोटं बोलायचं आमच्या हाडात नाही. म्हटलं, "बाई, माफ करा. मीच जेवलो."

"मासा बी?"

"नाही. मासा नाही."

"मंग त्यो कुनी खाल्ला?"

मी पत्रावळीकडे पाहिलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड काटा, चाटूनपुसून स्वच्छ. कडेला कुणी माणूस नाही, मांजर नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाखालून मात्र पाण्याचा ओघळ येत होता. तर्कशास्त्र? त्यानं तर माझ्या आधी काढता पाय घेतला होता!

आणि तुळजाबाई? त्या हसत होत्या, रडतही होत्या. "मला येडीला कळलंच न्हाई! त्यास्नी एकट्यानं घास उतरायचाच न्हाई, जिते व्हते तवा बी! सोबतीला मानूस लागायचा. मास्तर, दर रविवारी यायचं बगा. न्हाईतर म्हातारं पुन्ना उपाशी."

आता तुम्हीच सांगा, यावर 'नाही' कसं म्हणायचं?

दर रविवारी जातो. भाकरी माझी, मासा त्यांचा. मी पाण्याकडे बघत जेवतो, शेजारी बघत नाही. गेल्या खेपेला मिठाची वाटी आपोआप माझ्याकडे सरकली. नाही, म्हणजे मी चुकत असेन... पण घेतलं मीठ. करणार काय, पिठलं खरंच अळणी होतं हो!